बिबट्याच्या ठिपक्यांचं जॅकेट

रात्री उशिरा कोड तपासताना मी बरेचदा १९८५चा एक अल्बम लावतो. एमी ग्रँटचा ‘अनगार्डेड’. कव्हरवर बिबट्याच्या ठिपक्यांचं जॅकेट घातलेली चोवीस वर्षांची गायिका. ड्रम आज जरा प्लास्टिकचे वाटतात, पण ते चालतं.

अमेरिकेतल्या नॅशविलची ही मुलगी शाळेत असतानाच, १९७७ साली, ख्रिस्ती गाण्यांचा पहिला अल्बम करून बसली होती. १९८२च्या ‘एज टू एज’मुळे चर्चमधली मोठी माणसंही खूश होती. मग आला हा सिंथेसायझरचा पॉप-रॉक. ए अँड एम कंपनीमुळे तो साध्या रेकॉर्डच्या दुकानांत, मॅडोनाच्या शेजारी पोचला. ‘फाइंड अ वे’ बिलबोर्डच्या यादीत २९व्या क्रमांकापर्यंत चढलं. तक्रार सुरू झाली, यात देव कुठे आहे?

आहे की! पण उशिरा येतो. गाणं आधी दुरावलेले मित्र, फसवणारा प्रियकर यांचं गाऱ्हाणं ऐकून घेतं, मगच देवाचं नाव काढतं. मी श्रद्धाळू नाही, तरी हा क्रम मला पटतो. सोळाव्या वर्षी मला उपदेश करणारे पुष्कळ भेटले. आधी ऐकून घेणारं कुणी नव्हतं.