समुद्राच्या लाटा रात्री निळ्या का चमकतात?

सुरत : नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू आणि सिंधुदुर्गातल्या देवगड किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या. सुरतच्या डुमस-सुवालीलाही हाच अरबी समुद्र आहे. पण इथलं पाणी गाळामुळे गढूळ. त्यात असा मंद उजेड दबून जातो.

हा उजेड ‘नॉक्टिल्युका’ या एकपेशीय जीवाचा. आकार साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्या पेशीत ल्युसिफेरिन हे जणू इंधन आणि ल्युसिफेरेज हे विकर, म्हणजे क्रिया घडवून आणणारं प्रथिन असतं. लाट फुटली किंवा होडी गेली की पेशीला धक्का बसतो आणि आतल्या प्रकाशकणांची आम्लता वाढते. त्याबरोबर ल्युसिफेरेज कामाला लागतं आणि ल्युसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होतो. त्यातली ऊर्जा निळा प्रकाश होऊन बाहेर पडते. चमक सेकंदाच्या दहाव्या भागाइतकीच टिकते आणि पाणी गरम होत नाही. काजव्याचं ल्युसिफेरिन वेगळं असतं. त्याला पेशीतलं एटीपीही लागतं, आणि त्याचा उजेड पिवळसर-हिरवा दिसतो.

बघायला छान, पण मच्छीमारांसाठी ही खूण चांगलीच असेल असं नाही. नॉक्टिल्युका सूक्ष्म वनस्पती-प्लवक खातो, आणि माशांची अन्नसाखळी त्याच प्लवकावर उभी असते. शिवाय त्याच्या पेशीत अमोनिया साठतो. फार वाढून तो एकदम मेला, तर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन घटतो. सांडपाण्यातून येणारं नायट्रोजन, फॉस्फरस अशा वाढीला हातभार लावतं. त्यामुळे चमकत्या लाटांचा व्हिडिओ काढणाऱ्यांनी सकाळी किनाऱ्यावर मेलेले मासे दिसतात का, तेही बघावं.