एका थेंबाचा आकडा: ग्लुकोमीटरची कुळकथा

घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची शुगर १४२ येते आणि त्याच सकाळचा लॅबचा अहवाल १२६ सांगतो. मग घरात वाद सुरू होतो: मशीन बिघडलं की लॅब चुकली? बहुतेक वेळा दोन्हीकडे चूक नसते. या फरकाची मुळं यंत्राच्या घराण्यातच आहेत.

घराण्याची सुरुवात लघवीच्या तपासणीपासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी एक निळं द्रावण तयार केलं. परीक्षानळीत ते घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळा रंग टिकला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशा क्रमानं ती वाढत जाणार. पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. ती घसरली असेल तर ही नळी काहीच सांगत नसे, आणि चढली असेल तरी सांगे ती काही तासांपूर्वीची गोष्ट.

इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट इथल्या एम्स कंपनीत हेलन आणि अल्फ्रेड फ्री या दांपत्यानं १९५६मध्ये लघवीसाठी ‘क्लिनिस्टिक्स’ ही पट्टी आणली. तिच्यात ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीपासून मिळणारं विकर होतं. त्याच कंपनीनं १९६५च्या सुमारास रक्तासाठी ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ काढली. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, घड्याळ लावून बरोबर एक मिनिट थांबायचं, पाण्यानं रक्त धुऊन टाकायचं आणि उरलेला निळसर रंग तक्त्याशी जुळवायचा. धुवायला थोडा उशीर झाला, खोलीत उजेड कमी असला, बघणाऱ्याची नजर वेगळी असली, की उत्तर बदलायचं.

हा डोळ्यांचा दोष काढण्यासाठी एम्समधल्याच अँटन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परतणारा प्रकाश मोजणारं यंत्र बनवलं. १९७०च्या सुमारास आलेलं ते यंत्र किलोभराहून जड होतं आणि फक्त डॉक्टरांना विकलं जाई. न्यूयॉर्कचे इंजिनिअर रिचर्ड बर्नस्टीन बाराव्या वर्षापासून मधुमेही होते. त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावानं ते मिळवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागले. हे काम रुग्णानं घरी करावं, हे पटवण्यासाठी ते पंचेचाळिशीत वैद्यकीय शिक्षणाला बसले.

इकडे १९६२मध्येच लेलँड क्लार्क यांनी विकर आणि विद्युत्-अग्र यांची सांगड घातली होती. १९८४मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी फेरोसीन हे मध्यस्थ रसायन वापरून साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन थेट मोजून दाखवले. १९८७मध्ये त्यावर आधारलेला, पेनाएवढा ‘एक्झॅकटेक’ बाजारात आला. आजच्या बहुतेक ग्लुकोमीटरचा तो थेट पूर्वज. रंग गेला, पट्टी धुणं गेलं. विकर मात्र राहिलं, आणि अख्ख्या रक्ताचा थेंबही.

आजचे फरक त्यातूनच येतात. लॅब शिरेतलं रक्त घेते, पेशी वेगळ्या करते आणि उरलेल्या रक्तद्रवातली साखर मोजते. पट्टीवर पेशींसकट रक्त पडतं. रक्तपेशी कमी असल्या तर आकडा खरा असतो त्याहून वर जाऊ शकतो, जास्त असल्या तर खाली. काही नवी यंत्रं ही दुरुस्ती करतात, सगळी नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही बाब आपल्याकडे किरकोळ नाही. जेवणानंतर तर बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा जास्त साखर असते, कारण वाटेत शरीराच्या पेशी ती उचलत असतात. विकरही नाजूक: डबीचं झाकण उघडं राहिलं, पावसाळी दमट हवा आत गेली, की पट्टी बिघडते. लॅबकडेही एक अडचण आहे. नळीत फ्लोराइड नसेल तर पेशी साखर खात राहतात आणि ती तासाला ५ ते ७ टक्के घटते.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र बोटावर होतो. पट्टीला अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं. साखर १०० असेल तर त्या थेंबात ग्लुकोज असतं अवघं अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस लाखावा भाग. द्राक्षं सोलल्यावर तेवढं ग्लुकोज बोटाला सहज चिकटतं आणि १००चे २०० होतात. स्पिरिटचा बोळा फिरवून ते नीट निघत नाही. वाहत्या पाण्यानं निघतं.

हात स्वच्छ असला तरी यंत्राच्या मर्यादा उरतातच, म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानं सूट ठेवली आहे. २००३मध्ये ती साधारण २० टक्के होती. २०१३पासून, साखर १०० किंवा अधिक असेल तर १०० पैकी ९५ वाचनं १५ टक्क्यांच्या आत हवीत. खरी साखर १२६ असेल तर १०७ ते १४५ यांतला कुठलाही आकडा नियमात बसतो. आपले १४२ त्यातच आले.

तेव्हा हात साबणानं धुवा, नीट कोरडे करा, पट्टीची मुदत बघा, डबी लगेच बंद करा. मीटर पडताळायचा तर उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त देतानाच बोट टोचून बघा. एका आकड्यावरून औषध कमी-जास्त करू नका. आठवड्याभराची नोंद डॉक्टरांना दाखवा. पण घाम सुटला, हातपाय थरथरले आणि आकडा ७०च्या खाली असला, तर पडताळणीत वेळ घालवू नका. आधी साखर खा.