खऱ्या वृत्तान्ताचा अपराध

इ. स. १७७१ च्या ज्या फेब्रुवारी महिन्यात मराठ्यांच्या फौजांनी दिल्ली हस्तगत केली, त्याच महिन्यात लंडनच्या कॉमन्स सभेपुढे एक दिसावयास अगदी क्षुल्लक तक्रार आली. कर्नल जॉर्ज ऑन्स्लो या सभासदाचे म्हणणे असे की, ‘गॅझेटियर’ व ‘मिडलसेक्स जर्नल’ ही पत्रे सभासदांची भाषणे विपर्यस्त करून छापतात आणि त्यायोगे सभेचा हक्कभंग होतो. या आरोपात खरे पाहता दोन आरोप आहेत. भाषण छापणे हा एक, व ते खोटे छापणे हा दुसरा. सभेने हे दोन्ही सोयीप्रमाणे एकमेकांत मिसळून टाकले होते, आणि आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म तेथेच आहे.

सभेतील भाषणे छापणे हा घोर अपमान होय, असा ठराव कॉमन्सने १७३८ मध्येच केला होता. सज्जात बसून टिपणे घेण्यासही बंदी होती. मग लोकांची जिज्ञासा पुरवावी कशी? एडवर्ड केव्हने आपल्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात ‘लिलिपुटच्या सभेचे’ वृत्तान्त सुरू केले. स्विफ्टच्या कल्पित देशाचे नाव वर आणि आत इंग्लंडचेच मंत्री! १७४० नंतर काही वर्षे हे वृत्तान्त लिहिण्याचे काम सॅम्युएल जॉन्सनकडे होते. विषय कोणता, कोण कोणत्या क्रमाने बोलले, एवढीच त्रोटक माहिती त्याच्या हाती येई. बाकीचे वक्तृत्व जॉन्सनचे. पुढे एका भोजनप्रसंगी मंडळी थोरल्या पिटच्या एका भाषणाची वाहवा करू लागली, तेव्हा ते भाषण आपण एका माळ्यावरच्या खोलीत बसून लिहिले, असे त्याने सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. लोक ही भाषणे खरी मानतात हे कळल्यावर त्याने हे काम सोडले, असेही म्हणतात.

तेव्हा वृत्तान्त खोटे असत ही ऑन्स्लोची तक्रार निराधार नव्हती. शिवाय त्या पत्रांनी त्याची नावानिशी टवाळी केली होती, माणूस चिडणारच. परंतु ज्या सभेने खरे लिहून घेण्याची वाट बंद केली, तिनेच खोटेपणाबद्दल गळा काढावा हे विलक्षण होय. सभेला खरा वृत्तान्त हवा असता तर तिने सज्जात एक मेज मांडून दिले असते.

पुढची हकीकत नाटकासारखी आहे. टॉम्पसन व व्हेबल हे दोन मुद्रक सभेपुढे हजर होईनात, म्हणून त्यांना पकडून देणाऱ्यास प्रत्येकी ५० पौंडांचे बक्षीस राजघोषणेने जाहीर झाले. ऑन्स्लोने आणखी सहा पत्रांवर ठराव आणले. १२ मार्चच्या रात्री बर्कप्रभृती अल्पसंख्याकांनी तेवीस वेळा मतविभागणी मागून सभेला उत्तररात्रीपर्यंत जागविले. इकडे व्हेबलला त्याच्याच धंद्यातील एका माणसाने ‘पकडून’ नगराधिकारी जॉन विल्क्सपुढे उभे केले. विल्क्सने त्याला तत्काळ सोडून दिले. मिलर नावाच्या तिसऱ्या मुद्रकाला धरावयास सभेचा हुजऱ्या गेला, तो स्वतःच मारहाणीच्या आरोपाखाली पकडला गेला. नगराच्या सनदेप्रमाणे आमच्या हद्दीत आमच्या अधिकाऱ्याच्या हुकमावाचून कोणास धरता येत नाही, असे लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बीने बजावले.

क्रॉस्बी व त्याचा सहकारी ऑलिव्हर हे दोघेही कॉमन्सचे सभासद होते. दोघांनाही टॉवरमध्ये कोंडण्यात आले. विल्क्सला मात्र सभा भ्याली. त्याला ८ एप्रिलला बोलाविले आणि सभा ९ तारखेपर्यंत तहकूब केली! रस्त्यावर लोकांनी पंतप्रधान नॉर्थची गाडी मोडली. ८ मे रोजी अधिवेशन संपताच बंदी सुटले व मिरवत घरी गेले. बंदीचा ठराव कोणी रद्द केला नाही. तो कागदावरच राहिला.

त्यानंतर वृत्तान्त आपोआप सुधारले. विल्यम वुडफॉल सज्जात हात बांधून बसे आणि घरी जाऊन स्तंभच्या स्तंभ केवळ स्मरणाने लिही. १७८३ पासून टिपणांकडे कानाडोळा होऊ लागला. १८६८ मध्ये ‘टाइम्स’विरुद्धच्या वेसनच्या दाव्यात मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी निवाडा दिला की, सभेचा प्रामाणिक वृत्तान्त अब्रुनुकसानीच्या दाव्यापासून सुरक्षित आहे.

तो कागदावरचा ठराव मात्र मेला नव्हता. आपल्या संविधानाने २६ जानेवारी १९५० रोजी कॉमन्सला जे विशेषाधिकार होते तेच आपल्या विधिमंडळांना दिले, आणि त्या गाठोड्यातून तो पाटण्यास आला. ३० मे १९५७ रोजी बिहार विधानसभेत झालेल्या एका भाषणाचा काही भाग अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी ‘सर्चलाइट’ने ते भाषण त्या भागासह छापले. फिरोज गांधींच्या प्रयत्नाने १९५६ मध्ये झालेला संरक्षणाचा कायदा संसदेपुरता होता. संपादक शर्मा यांना त्याचा उपयोग नव्हता. १२ डिसेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. काढून टाकलेला भाग कायद्याच्या दृष्टीने बोललाच गेला नाही असे मानता येईल, म्हणून संपूर्ण भाषणाचा वृत्तान्त वस्तुतः बरोबर असला तरी कायद्याने विपर्यस्त ठरू शकतो, असे बहुमताने म्हटले. न्या. सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. ऑन्स्लोची तक्रार खोट्या शब्दांविषयी होती. येथे तर उच्चारलेलाच शब्द विपर्यास ठरला.

कॉमन्सने आपला हट्ट अधिकृतपणे सोडला तो जुलै १९७१ मध्ये, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी. आपल्याकडे १९५६ चा कायदा आणीबाणीत, १९७६ साली, रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्य विधिमंडळांच्या ‘सारतः खऱ्या’ वृत्तान्तालाही तेच संरक्षण मिळाले. कामकाजातून काढून टाकलेले शब्द अशा वृत्तान्तात मोडतात की नाही, याविषयी ते कलम काहीच बोलत नाही.