गुणपत्रिकेतून निसटलेले आरोग्य

बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सॅण्डो’ म्हणतो. हे नाव ज्याच्यावरून आले त्या युजेन सॅण्डोने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. परीक्षक होते स्वतः सॅण्डो, शिल्पकार चार्ल्स लॉस आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल. पहिला आला नॉटिंगहॅमचा विल्यम मरे. या स्पर्धेतले मला सर्वांत मोलाचे वाटतात ते तिचे निकष. शरीराची एकंदर वाढ, अवयवांतील समतोल, स्नायूंची व त्वचेची स्थिती यांच्या जोडीला तेथे सर्वसाधारण आरोग्यही तपासले गेले.

१९५८ साली अमेरिकेत डायनाबॉल हे स्टेरॉइड बाजारात आले आणि १९६५ मध्ये मिस्टर ऑलिम्पिया स्पर्धा सुरू झाली. पुढच्या दशकांत स्नायूंचे आकारमान वाढत गेले. त्यानंतर कातडीखाली पाण्याचा अंशही नको, असा ‘कोरडेपणा’ गुण मिळवू लागला. त्यासाठी स्पर्धेच्या तोंडावर पाणी तोडायचे आणि लघवी वाढवणारी औषधे घ्यायची. त्याने रक्त दाटते, पोटॅशियमचे प्रमाण बिघडते आणि हृदयाची लय चुकू शकते. मंचावर मात्र तेच शरीर सर्वांत रेखीव दिसते.

संघटनेने उपाय केले नाहीत असे नाही. १९९० च्या मिस्टर ऑलिम्पियात स्टेरॉइडची चाचणी झाली, पण ती पुढे टिकली नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये मोहम्मद बेनअझीझा नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर काही तासांतच गेला. मार्च १९९६ मध्ये ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युंझर अमेरिकेतील स्पर्धांहून परतल्यावर म्युनिकमध्ये मरण पावला. वय अवघे ३१. त्याच वर्षी मिस्टर ऑलिम्पियात लघवीच्या औषधांची चाचणी झाली आणि तिसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक बाद ठरला.

या क्रमावरून मी एक निष्कर्ष काढतो. गुण ज्याला मिळतात, त्याच्याच मागे खेळाडू धावतो. चाचणी त्याला फार तर एका औषधापासून अडवते. ते औषध घ्यायला लावणारा निकष तसाच राहतो. म्हणून २०१६ साली मिस्टर ऑलिम्पियात आलेला ‘क्लासिक फिजिक’ गट मला महत्त्वाचा वाटतो. त्यात उंचीनुसार वजनाची कमाल मर्यादा आहे, म्हणजे आकारमानाच्या शर्यतीला नियमातच लगाम आहे. हा उपायही अपुराच. वजनकाट्यावर बसण्यासाठी पाणी तोडण्याचा मोह तेथेही उरतो.

आपल्याकडे गावोगावी ‘श्री’ स्पर्धा होतात. मंचाशेजारी डॉक्टर आणि रुग्णवाहिका हवीच. पण वजन घेताना रक्तदाब आणि हृदयाचे ठोके तपासून, नापास होणाऱ्याला मंचावर चढू न देण्याचा नियम आयोजकांनी केला, तर १९०१ चा तो निकष निदान प्रवेशाच्या दारात तरी परत येईल.