पाकिटातला इतिहास

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी मला मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायला सांगितली. शौचातून रक्त जात होतं. अब्बांनाही तसंच व्हायचं. मूळव्याध समजून त्यांनी वर्षभर अंगावर काढलं आणि निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. मी मुकाट्याने हो म्हटलं.

आदल्या दिवशी जेवण बंद. पाकिटातली पावडर दोन लिटर पाण्यात कालवून अर्धं संध्याकाळी प्यायचं, अर्धं पहाटे. रोज्यांमुळे उपाशी राहण्याची सवय आहे. पण रोज्यात पाणी वर्ज्य, इथे पाणीच पाणी! चारचा गजर वाजला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, उठा, तुमची सहरी झाली!"

मंडळी, दुर्बिणीचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून आतड्यातला पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, कापला. पण आतडं स्वच्छ नसेल तर दुर्बिणीला दिसणार काय? त्या सफाईचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही.

पूर्वी दोन-तीन दिवस पातळ आहार, एरंडेल आणि वर एनिमा. (एरंडेल म्हटलं की आमची पिढी आजही तोंड वाकडं करते.) पुढे मॅनिटॉल नावाची साखर देऊ लागले. आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन वायू तयार होतो. १९७९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक प्रकरण नोंदवलं: पॉलिप कापताना विजेच्या ठिणगीने पोटातच स्फोट झाला आणि रुग्ण दगावला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचं द्रावण मांडलं. हा पदार्थ जंतू आंबवत नाहीत. तो पाणी आतड्यातच धरून ठेवतो, आणि क्षारांचं प्रमाण असं जुळवलेलं की शरीर त्यातलं पाणी फारसं शोषतही नाही, स्वतःचं गमावतही नाही. माझ्या हातातलं पाकीट त्याच घराण्यातलं. चव खारट, बुळबुळीत. लिंबू पिळलं तरी फरक पडला नाही.

माझ्या आतड्यात दोन पॉलिप निघाले. तिथल्या तिथे कापले; अहवालात कर्करोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, भावंडांनीही तपासून घ्यावं.

धाकटा भाऊ दोन महिने टाळतो आहे. काल त्याला फोन केला. म्हटलं, "पाकीट मी घेऊन येतो, रात्री तुझ्याकडेच राहतो."