परत आल्यावर जागा असेल ना? दीर्घ रजेचा इतिहास

१/ ज्येष्ठात शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते. पायी वाट सुमारे महिनाभराची. शेतकऱ्याला पेरणीचा हिशेब घालावा लागतो. नोकरदाराला मात्र आधी अर्ज लिहावा लागतो. त्या अर्जात विठ्ठलाचा उल्लेख असो वा नसो, त्यामागचा प्रश्न एकच असतो : मी परत येईन तेव्हा माझी जागा माझीच असेल ना? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासावर.

२/ आरंभ शब्दापासून करू. ‘रजा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ संमती, मर्जी. ‘राजी’ आणि ‘रजामंदी’ ही त्याचीच भावंडे. म्हणजे रजा ‘घेणे’ हा आपला वाक्प्रचार असला, तरी शब्दाच्या पोटात दुसऱ्याने ‘देणे’ दडलेले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्येही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असेच तत्त्व आहे.

३/ यंत्रयुगापूर्वी दीर्घ विश्रांती नव्हती असे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या लष्कराची जी रीत नोंदवली आहे, तीनुसार पावसाळ्यात फौज छावणीत येई आणि दसऱ्यानंतर पुन्हा मोहिमेवर निघे. मात्र येथे सारे लष्कर एकाच वेळी थांबत असे. ऋतूच सर्वांना थांबवी. त्यामुळे एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याने त्याची जागा घेण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे.

४/ गिरणीने हे गणित मोडले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. गिरणीला पावसाळा नाही, सुगी नाही, शिमगा नाही. एक माणूस गावी गेला की त्याच्या साच्यावर त्याच दिवशी दुसरा उभा राहतो. दीर्घ रजेची खरी समस्या येथे जन्मली.

५/ कारण गिरणीत आलेला माणूस शेतकरीच होता. रत्नागिरी, सातारा, घाटावरची गावे येथून तो आला; घर, थोडी जमीन आणि म्हातारे आईबाप मात्र गावीच राहिले. लग्नसराई, पेरणी, कापणी, गणपती, आजारपण यांसाठी तो महिना-दोन महिने गावी जाई. मालकांच्या भाषेत ही ‘गैरहजेरी’ होती. कामगाराच्या दृष्टीने मात्र तो स्वतःच्याच घरी गेलेला असे.

६/ परतल्यावर त्याची गाठ पडे ती जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी. कामावर घेणे, काढणे, परत घेणे हे व्यवहारात त्याच्या हाती. जागा परत हवी तर ‘दस्तुरी’ द्यावी लागे. गावाहून आणलेले पैसे, नाहीतर सावकाराकडून काढलेले कर्ज, या दस्तुरीत जाई. रजा बिनपगारी तर होतीच. वर परतण्याचीही किंमत मोजावी लागे.

७/ त्याच काळात, त्याच सरकारच्या राज्यात, एका वर्गाला मात्र ही चिंता नव्हती. विलायतेहून आलेल्या अधिकाऱ्यांना ‘फर्लो’ मिळे : मायदेशी जाऊन येण्याइतकी दीर्घ, काही वेतनासह रजा, आणि परतल्यावर सेवा अबाधित. सरकारी सेवेत युरोपीय व भारतीय यांच्यासाठी रजेचे नियमही वेगवेगळे होते. घर दूर असलेल्या माणसाला लांब रजा लागते, हे सरकारला उत्तम कळत होते; ते घर कोकणात असले की मात्र विसर पडे.

८/ पहिली संघटित मागणी आली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडून. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेतून फॅक्टरी कमिशनपुढे मागण्या गेल्या. त्यांतील रविवारच्या सुट्टीची मागणी आपण सारे जाणतो. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. पण त्याच यादीत आणखी एक मागणी होती : कामावर जबर दुखापत झाल्यास बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण वेतन मिळावे. भरपगारी वैद्यकीय रजेचीच ही मागणी होती, आणि ती शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटते.

९/ जागा राखण्याचे कायदेशीर वचन प्रथम मिळाले ते स्त्रियांना. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कायद्याने प्रसूतीच्या काळात पैसे तर दिलेच, शिवाय त्या गैरहजेरीत स्त्रीला कामावरून काढण्याची नोटीस देण्यास मनाई केली. पैसा आणि जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही राखाव्या लागतात, हे येथे स्पष्ट झाले.

१०/ १९२९ मध्येच जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन ऑन लेबर नेमले गेले. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालाने कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, असे मत दिले. ठरावीक मुदतीची रजा द्यावी आणि वेळेत परतणाऱ्याला जुने काम परत मिळण्याची खात्री असावी, ही त्याची शिफारस. वारीला निघालेल्या आजच्या नोकरदाराचा प्रश्न त्या अहवालात असा आधीच येऊन गेला आहे.

११/ १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रण पद्धत आली. रजेवर गेलेल्यांच्या जागी काम करणाऱ्यांना कार्डे मिळाली आणि जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम बसला. पण त्याच वेळी ‘बदली कामगार’ हा वर्ग पक्का झाला. एकाची रजा हीच दुसऱ्याची रोजी. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून, आज कोणाचा खाडा आहे का, याची वाट पाहणारा माणूस या इतिहासात विसरता येत नाही.

१२/ आता कराराच्या भाषेकडे. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याने शंभर वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना सेवेच्या अटी लेखी करायला लावल्या. त्याच्या नमुना आदेशांतील तरतूद अशी होती : मंजूर रजा संपल्यावर कामगार आठ दिवसांत परतला नाही आणि उशिराचे समाधानकारक कारण देऊ शकला नाही, तर त्याचा जागेवरील ‘लीन’, म्हणजे धारणाधिकार, संपत असे. तरीही त्याचे नाव बदली कामगारांच्या यादीत ठेवावे लागे.

१३/ हे कलम कठोर वाटते. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या कामगाराशी तुलना करून पाहा. त्याला अंतिम तारीख कोणती, कारण कोणाला सांगायचे, जागा गेली तर पुढे काय, यांतले काहीच ठाऊक नसे. आता हे कागदावर आले. ‘धारणाधिकार’ ही कल्पना सरकारी नोकरांच्या १९२२ च्या मूलभूत नियमांत होतीच. साहेबांच्या आणि कारकुनांच्या जगातली ती कल्पना आता कारखान्याच्या फाटकात शिरली.

१४/ भरपगारी रजा त्याच सुमारास आली. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्या काळातील १९४५ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारा महिने सलग सेवा झालेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची सवेतन सुट्टी दिली. मात्र एक मेख होती : हा लाभ बारमाही कारखान्यांपुरता होता.

१५/ ही मेख आपल्या भागाला लागली. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि शेगाव-खामगाव हा वऱ्हाडच्या कापूस व्यापाराचा पट्टा जिनिंग-प्रेसिंगने गजबजला. १९३४ च्या कारखाना कायद्यात सरकी काढणे आणि गठाणी बांधणे हे ‘हंगामी’ उद्योग ठरले होते. बारमाही कारखान्यात आठवड्याची मर्यादा ५४ तास. हंगामी कारखान्यात ६० तास. राबायचे अधिक, आणि सवेतन सुट्टीच्या दाराशी मात्र प्रवेश नाही.

१६/ स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. १९५४ च्या दुरुस्तीनंतर त्याचा नियम असा : वर्षात २४० दिवस काम केले असेल, तर दर वीस दिवसांमागे एक दिवस सवेतन रजा. आता हिशेब करा. जो जिन वर्षातून सहा महिनेच चालतो, तेथे २४० दिवस भरणार कसे? हंगाम सरला की जिनमधल्या माणसाला सहा महिने मोकळे मिळत. पण त्या मोकळिकीला रजा म्हणत नाहीत, बेकारी म्हणतात. दोहोंत फरक एवढाच, की रजेवरच्या माणसाची जागा त्याची वाट पाहत असते. २०२० च्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आहे.

१७/ मुंबईतही प्रश्न सुटला नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागण्यांत वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगार गावी गेले. परतले तेव्हा अनेकांची जागा राहिली नव्हती, आणि पुढे गिरण्याही राहिल्या नाहीत.

१८/ म्हणून रजेचा इतिहास केवळ दिवसांच्या संख्येत वाचू नये. किती दिवस, हा पहिला प्रश्न. पगार मिळेल का, हा दुसरा. जागा राहील का, हा तिसरा. १८८४ पासूनची सारी धडपड पाहिली, तर माणसे पहिल्या दोन प्रश्नांवर तडजोड करत आली. बिनपगारी जाणे त्यांनी सोसले. तिसऱ्या प्रश्नावर मात्र त्यांचा सारा संसार टांगलेला होता.

१९/ आपल्यापैकी अनेक जण लवकरच पहिल्या नियुक्तिपत्रावर सही करतील. पगाराच्या आकड्यानंतर रजेचे कलम शोधा. परतण्याची अंतिम तारीख, मुदतवाढीचा अर्ज कोणाकडे व कधी करायचा, आणि उशीर झाल्यास पदाचे काय, या तीन गोष्टी तेथे लिहिलेल्या आहेत का, ते पाहा. त्या कोऱ्या असतील, तर सही करण्याआधी विचारा.

२०/ आणि एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांचे बदली कार्ड, जिनमधली हजेरीची चिठ्ठी, गिरणीचा रजेचा अर्ज असे काही सापडले, तर रद्दीत घालू नका. राजांच्या सनदा जपणारे पुष्कळ आहेत. मुकादमाच्या सहीचा कागद जपणारे आपणच. धागा समाप्त.