मगरिब आणि भोंगा



दिवेलागणीची वेळ आपल्या जिल्ह्यात सर्वांचीच आहे. कुणाच्या अंगणात तुळशीपुढे पणती लागते, त्याच सुमारास मोहल्ल्यातून मगरिबची बांग ऐकू येते. ही बांग आपण रोज ऐकतो. तिच्यामागचा नियम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. मी पंडित नव्हे. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत वावरताना जे पाहिले आणि वाचनालयात बसून जे वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

ही प्रार्थना वऱ्हाडात आज-काल आलेली नाही. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले. त्यानंतर इमादशाही, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम यांची सत्ता या मुलखावर क्रमाने होती. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या सरकारांची जी यादी आहे, तीत आपले कळंबही आहे. म्हणजे कित्येक शतके येथला शेतकरी, विणकर आणि शिपाई ही बांग ऐकत आला आहे.

इस्लाममध्ये दिवसाचे पाच नमाज आहेत. त्यांतला मगरिब हा सूर्यास्ताचा. अरबीत या शब्दाने पश्चिम दिशाही दाखवतात. मोरोक्को देशाचे अरबी नावही तेच. या नमाजात फर्ज रकाती तीन असतात. पहिल्या दोहोंत इमाम कुराणाचे पठण मोठ्याने करतो, तिसरीत मनातल्या मनात. त्यानंतर दोन रकात सुन्नत. प्रवाशाला चार रकातींचे नमाज दोनवर आणण्याची सवलत आहे. मगरिबच्या तीन मात्र तीनच राहतात. रमजानचा रोजा याच वेळी सुटतो. इस्लामी दिवसही सूर्यास्तालाच बदलतो, म्हणून गुरुवारची सांज ही जुम्म्याची रात्र ठरते.

या नमाजाची मुदत थोडी असते. सूर्य पुरता बुडाल्यावर ती सुरू होते आणि पश्चिमेची संधिप्रभा मावळली की संपते. तांबूस प्रभा मावळली की वेळ सरली, असे शाफई पंथ मानतो. इमाम अबू हनीफा तिच्यामागून उरणारी पांढुरकी प्रभाही धरतात. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, वऱ्हाडातले बहुतेक हनफी. कोणताही पंथ धरला तरी मुदत तासा-सव्वातासाची, आणि त्यातही विलंब न करणे चांगले मानलेले. म्हणून इतर नमाजांना बांग आणि जमात यांत अवकाश ठेवतात, तसा येथे फारसा ठेवत नाहीत.

आता घड्याळाकडे वळू. यवतमाळात नोव्हेंबरअखेर सूर्य साडेपाचनंतर थोड्याच वेळात मावळतो. जूनअखेर सातच्या सुमारास. म्हणजे मगरिब वर्षात जवळजवळ दीड तास पुढेमागे सरकते. कारखान्याचा भोंगा सरकत नाही. शेतावरच्या माणसाला हा पेच कधी पडला नव्हता, कारण त्याचे काम आणि त्याची प्रार्थना दोन्ही सूर्याच्याच तंत्राने चालत. वाफेचे रेचे आले, तेव्हा संध्याकाळ प्रथमच दुसऱ्याच्या मालकीची झाली.

ती किती झाली, याची नोंद आहे. १८८४-८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांविषयी साक्षी झाल्या. पहाटे चार-पाचला सुरू झालेले काम रात्री उशिरापर्यंत चाले, आणि ते करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. १८८१ चा कायदा वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. हंगामी जिनांपर्यंत कायदा पोचायला १९११ साल उजाडले.

याच काळात, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि आणखी एक मागणी होती: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. लोखंडे सत्यशोधक, नमाजाशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही त्यांनी कामाची सीमा नेमकी तेथेच आखली, जेथे मगरिब सुरू होते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचे दंगे उसळले, तेव्हा कामगारांत सलोखा व्हावा म्हणून खटपट करणारेही हेच लोखंडे, हे विसरू नये.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. सूर्यास्त मात्र मिळाला नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. मग १९११ साली कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा, १९२२ साली अकरा, १९४८ साली नऊ, अशा पायऱ्यांनी संध्याकाळ थोडीथोडी परत आली.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका जिनात, नाव घेण्याचे कारण नाही, हंगामात काही रेचेवाल्यांनी सांजेला दहा मिनिटे मागितली. मुकादमाने त्यांची अर्धी हजेरी कापली. “आज यांना दिली तर उद्या सगळे मागतील,” हे त्याचे म्हणणे. आम्ही म्हटले, मग सगळ्यांनाच द्या. पाचला होणारी चहाची सुट्टी सूर्यास्ताला जोडावी, एवढीच मागणी केली. आठवडाभर घासाघीस झाली आणि मालक कबूल झाला. काट्याजवळ वेळापत्रक लागले. ते दर पंधरवड्याला बदलायचे. रेचे थांबले की कुणी वजू करून रांगेत उभा राही, कुणी सरकीच्या ढिगाशी बसून चहा पिई, आणि बायका सावलीत निजवलेली लेकरे उचलून पाजायला घेत. गठाणी काही कमी भरल्या नाहीत.

मुकादमाची भीती खरी होती. सगळेच मागणार होते. पण त्यात भिण्यासारखे काय होते? एका धर्माची सवलत म्हणून जी गोष्ट पुढे येते, ती नीट पाहिली तर पुष्कळदा सर्वांचीच राहून गेलेली मागणी असते. दिवसभर अंग मोडून राबलेल्या माणसाला सूर्य मावळताना आपला म्हणता येईल असा थोडा वेळ हवा. त्या वेळात त्याने अल्लाचे नाव घ्यावे, तुळशीला दिवा लावावा की नुसते स्वस्थ बसावे, हे त्याचे त्याने ठरवावे. तो वेळ त्याच्या हाती राहील, एवढे पाहणे हे आपणा सर्वांचे काम आहे.